पाच किलोचे पापड किती?

एक किलो उडदाच्या पिठाचे शंभर पापड होत असतील, तर पाच किलोचे किती होतील?

तुम्ही मनातल्या मनात 'पाचशे' म्हणालात. मीही तेच म्हणाले होते. फरक एवढाच की तुम्ही फुकट म्हणालात आणि मला ते म्हणण्याचा पगार मिळत होता.

धामणगाव बढे या खेड्यात सुनंदाकाकूंच्या अंगणात बाजेवर जुनी साडी अंथरली होती. साडीवर पाच किलो पिठाचे पापड वाळत होते. मी मोजले. चारशे एकतीस. काकूंनी मोजले. चारशे एकतीस. मी पुन्हा मोजायला वाकले तेव्हा काकू म्हणाल्या, "मोजून वाढत असते त आम्ही लाटले कायले असते, ताई?"

आधी माझं काम सांगते. बुलढाण्यातली आमची संस्था खेड्यांतल्या महिला बचत गटांना लहान उद्योग उभे करायला मदत करते. मी फूड टेक्नॉलॉजी शिकले, म्हणून 'रेसिपी आणि रेट' हे टेबल माझ्याकडे आलं. रेसिपी म्हणजे घरचा अंदाज वजनात बसवायचा. मूठभर मीठ म्हणजे किती ग्रॅम, चार माणसांच्या आमटीचं चारशे माणसांना किती. रेट म्हणजे एका नगाला पडलेला खर्च काढायचा. त्याला आम्ही युनिट कॉस्ट म्हणतो. एका किलोवर झालेला सगळा खर्च भागिले त्यातून निघालेले पापड. चौथीच्या पुस्तकातलं गणित आहे. चौथीत उत्तर चुकलं तर भोपळा मिळतो. इथे बायकांची मजुरी जाते.

आता माझा स्वभावही सांगून टाकते, कारण पुढचा घोळ त्याच्यामुळे झाला. आमचे अप्पा बुलढाण्यात छापखाना चालवायचे. लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापायला नकार द्यायचे आणि मोर्चाची पत्रकं आनंदाने छापायचे. त्यामुळे छापखाना जेमतेम चालला आणि मोर्चे जोरात निघाले. मला अक्षरओळख पत्रकांवरून झाली. मी वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'. घरात देव नव्हते, पंचांग नव्हतं. कोणी तिथी विचारली तर अप्पा तारीख सांगायचे.

मी त्यांचीच मुलगी. काकूंच्या गटाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी बायकांना ऐकवलं की उपासतापास म्हणजे बाईला उपाशी ठेवायचं जुनं कारस्थान आहे आणि हा विषय माझ्यासमोर पुन्हा निघता कामा नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, किती लवकर परिवर्तन झालं. खरं म्हणजे धामणगावच्या बायका फार सभ्य आहेत. त्यांनी तो विषय माझ्यासमोर खरोखरच पुन्हा काढला नाही.

ऑर्डर बुलढाण्याच्या एका मुलींच्या होस्टेलची होती. मेसला तीन हजार पापड हवे होते. हे वेळेवर आणि पुरे दिले तर दर महिन्याला ऑर्डर. रेट ठरवायला मी काकूंच्या ओसरीत दोन किलोची ट्रायल घेतली. पीठ, मीठ, पापडखार, मिरी, हिंग, पाणी, सगळं काट्यावर. बायकांनी गोळा कुटला, त्याच्या लांब वळकट्या केल्या, दोऱ्याने लाट्या कापल्या. लाटी म्हणजे एका पापडाचा गोळा. सगळ्या गप्प बसून लाटत होत्या. मी त्यांच्या शिस्तीचं मनातून कौतुक केलं. पापड झाले एकशे अठ्ठ्याण्णव, आणि दोन लाटताना फाटले. किलोला शंभर. कच्च्या मालातून जेवढा पक्का माल हाती येतो त्याला यील्ड म्हणतात. इतका स्वच्छ यील्ड मी कॉलेजच्या लॅबमध्येसुद्धा पाहिला नव्हता.

मग त्रैराशिक मांडलं. किलोला सामान एकशे ऐंशी रुपयांचं, पॅकिंग आणि भाडं तीस. पापडाला साडेचार रुपये भाव, म्हणजे किलोचे साडेचारशे. उरले दोनशे चाळीस. सहा बायका एका सकाळी पाच किलो लाटतात, म्हणजे बाराशे. प्रत्येकीला सकाळचे दोनशे रुपये, तेही सावलीत बसून. मी हा आकडा फळ्यावर लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या दोनशेवर काकूंनी गटातल्या पाच जणी हरभऱ्याच्या सोंगणीवरून ओढून आणल्या. त्यांतली वैशाली सगळ्यांत लहान, लग्नाला थोडीच वर्षं झालेली. उन्हात वाकून हरभरा कापणं तिला सोसत नव्हतं. तिच्या सासूने परवानगी दिली ती अटीवर. "दोनशे आनशीन त बस सावलीत. नाही आनले त इळा हाय कोपऱ्यात." सासू एवढ्यावर थांबली नाही. सून खरंच काम करते की गप्पा मारते, हे पाहायला रोज सकाळी काकूंच्या अंगणात चक्कर मारू लागली.

आणि पापड भरत नव्हते. पहिल्या बॅचला चारशे अडतीस. दुसरीला चारशे बारा. तिसरीला हे चारशे एकतीस. पाचशेच्या हिशेबाने दोनशे पडणार होते. सव्वाचारशेच्या आसपास पापडांत दीडशेसुद्धा धड पडत नव्हते. कारण पापड कमी झाले म्हणून पिठाचा खर्च कमी होत नाही. तुटीचा सगळा भार शेवटच्या ओळीवर येतो आणि शेवटच्या ओळीवर मजुरी असते.

त्या दिवशी वैशालीने विचारलं, "ताई, दोनशे पडतीन ना?" मी म्हणाले, पडतील. माझ्या आवाजात पत्रकाचा जोर होता.

मी आमच्या मॅनेजरना, तायडे सरांना, फोन केला. सर दुसऱ्या बॅचच्या दिवशी स्वतः व्हिजिटला येऊन गेले होते आणि बायकांचं फार कौतुक करून गेले होते. फोनवर मात्र त्यांचा सूर वेगळा होता. सत्तर पापड म्हणजे किलोभर गोळा, तो पदराखालून घरी जात असणार, निघताना पिशव्या तपासा, असं त्यांचं म्हणणं.

"सर, मी श्रमिकांची झडती घेणार नाही."

"श्रमिक म्हणा, भगिनी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा," सर म्हणाले. "फक्त सत्तर पापड कुठे आहेत ते सांगा."

मग मी शास्त्राकडे वळले. रेसिपी मोठी करताना प्रत्येक गोष्ट त्याच पटीत वाढत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. एका कपाला चमचाभर चहा पावडर लागते म्हणून शंभर कपांना शंभर चमचे टाकून बघा. तो चहा कोणी पिणार नाही. म्हणून पुढच्या बॅचला मी पाण्याचं प्रमाण पुन्हा तपासलं. बरोबर होतं. मग लाट्यांचं वजन. काकू दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून सटासट लाट्या कापतात. मी मधूनमधून उचलून तोलल्या. पंधरा ग्रॅम, चौदा, सोळा, पंधरा. माझ्या हिशेबात पंधराच धरले होते.

पाणी निर्दोष, लाटी निर्दोष. बायकांवर संशय घेणं तत्त्वात बसत नव्हतं. राहिला कोण? चक्कीवाला.

पत्रकावर वाढलेल्या माणसाला आरोपी लवकर सापडतो. त्यात तो धंदेवाला असेल तर फारच लवकर. उडीद दळून देणारे जगनभाऊ पाच किलो म्हणून जे पीठ देत होते ते मी एकदाही तोललं नव्हतं. संध्याकाळच्या बसमध्ये राजूर घाट चढता चढता मी पत्रकाचा मसुदा लिहून काढला. मथळा: 'पिठातली लूट! भगिनींनो, आता तरी जाग्या व्हा.' दुसऱ्या दिवशी एका हातात काटा आणि दुसऱ्या हातात तो कागद घेऊन चक्कीवर गेले. बांधून ठेवलेली पिशवी काट्यावर ठेवायला लावली.

पाच किलो शंभर ग्रॅम.

"नेतानेता पीठ उडते," जगनभाऊ म्हणाले. "म्हनून मी मूठभर वरतून टाकत असतो."

मी पिशवी काट्यावरून उतरवली. तेवढ्यात लक्षात आलं की त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर आहे. मथळा लांबून वाचता आला पाहिजे, हे अप्पांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. जगनभाऊंनी तो शांतपणे पुरता वाचला.

"छापा, ताई," ते म्हणाले. "फक्त माझं नाव मोठं टाका. चक्कीची तेवढीच जाहिरात होईन."

मी कागदाची घडी घातली आणि ती शंभर ग्रॅम जास्तीची पिशवी उचलून काकूंकडे आले.

आता एकच मार्ग उरला होता. पहिल्या लाटीपासून शेवटच्या पापडापर्यंत समोर बसून राहायचं. याला मी 'लाइव्ह ऑडिट' असं नाव दिलं. लाट्यांचं अख्खं ताट काट्यावर ठेवलं. प्रत्येक लाटी उचलली की आकडा उतरणार, आणि तिचा पापड कुठे गेला ते मला दिसणार. मी बायकांना सांगितलं, हा अविश्वास नाही, ही पद्धत आहे. काकू म्हणाल्या, "बसा. पन ऊन लागन, इकडं सरका."

मी सरकले. अजून लाटायला सुरुवात झाली नव्हती, पोळपाट पुसणं चाललं होतं. मी त्यांना यील्ड आणि वेस्टेज यांतला फरक समजावून सांगत होते. गळती नेहमी आपलं लक्ष नसतं तिथे असते, असं काहीतरी वाक्य होतं. बोलता बोलता काट्याकडे पाहिलं तर आकडा पंधरा ग्रॅमने उतरलेला. कोणाच्याही पोळपाटावर लाटी नव्हती. मी एकेकीच्या हाताकडे पाहिलं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या.

लाटी माझ्या तोंडात होती.

काकूंनी नेहमीच्या सवयीने ती वाटीतल्या तेलात बुडवून माझ्या हातावर ठेवली होती आणि मी नेहमीच्या सवयीने खाल्ली होती. उडदाची कच्ची लाटी, वरून गोडं तेल. ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगायला नको, ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगून कळणार नाही. आमच्याकडे पापड करताना लाटी खायची असते. लाटणाऱ्यांनी खायची, शेजारणींनी डोकावून खायची, शाळेतून आलेल्या पोरांनी खायची. पापडांच्या घरी कोणी आलं आणि लाटी न खाता गेलं, असं होत नाही.

मी ऑडिट तसंच चालू ठेवलं. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत चवदार ऑडिट. लाटणाऱ्यांनी चार-चार पाच-पाच, गल्लीभरच्या पोरांनी दोन-दोन, शेजारच्या शांताबाई एक म्हणून आल्या आणि तीन खाऊन गेल्या. वैशालीची सासू देखरेखीला आली, तिने दोन. मी सहा. ताट रिकामं झालं तेव्हा सत्तर लाट्यांचा हिशेब जागच्या जागी लागला होता. चारशे बारावाल्या दिवसाचाही लागला. त्या दिवशी तायडे सर आले होते आणि त्यांना बघायला अर्धी गल्ली.

पण एक गाठ सुटत नव्हती. मी विचारलं, "मग ट्रायलच्या दिवशी एकीनेही कशी खाल्ली नाही?"

उत्तर वैशालीने दिलं. "ताई, त्या दिवशी चतुर्थी होती. सगळ्यायले उपास होता, अन पोरं शाळेत."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्हीच म्हनल्या होत्या ना," ती म्हणाली, "की उपासाचं माझ्यासमोर काढायचं नाही."

"मला तरी द्यायची एक."

"तुमाले एकटीले काऊन द्याव?" काकू म्हणाल्या. "तुम्ही खाऊन राह्यल्या अन आम्ही पाहून राह्यलो, बरं दिसते का ते?"

तर असं झालं होतं. ती शिस्त नव्हती, ती भूक होती. मी महिन्यातला नेमका तो एक दिवस गाठला होता ज्या दिवशी धामणगावात लाटी कोणी खात नाही, आणि त्या दिवसाचं यील्ड बाकीच्या सगळ्या दिवसांना लावलं होतं. पंचांग पाहत नाही याचा मला अभिमान होता. पंचांगाने मात्र मला बरोबर पाहून ठेवलं होतं.

मी तिथूनच फोन लावला. "सर, सत्तर पापड सापडले. एका बॅचमधले चार तुमच्याकडे आहेत."

मग लाटीचं सगळं सांगितलं. समजल्यावर सरांनी व्यवस्थापकाला शोभेल असा निर्णय दिला: लाटी बंद. वेस्टेज आहे.

मी मीटिंग घेतली. माझ्याकडे तोडगा तयार होता, आणि तो अर्थातच समतेचा होता. प्रत्येक लाटणारीला समान दोन लाट्या, पाहुण्याला एक. हवं तर कुपन करू.

"लाटीचं राशनकार्ड काढता का आता?" काकूंनी विचारलं. हसण्यात माझा ठराव वाहून गेला.

फक्त वैशाली हसली नाही. ती म्हणाली, "मले नको लाटी. मले दोनशे पाह्यजे."

काकू हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. "तू नको खाऊ, बाई," त्या म्हणाल्या. "पन शांता दारात आली त मी तिले म्हनू का, की थांब, हा होस्टेलचा माल हाय? लाटी दिली-घेतली त पापड करनं झालं. नाही त मजुरीच हाय. मजुरीच करायची त वावर काय वाईट होतं?"

दोघींचंही खरं होतं. माझ्या वाचनात आलेल्या प्रत्येक पत्रकात एक शोषक असतो आणि एक शोषित. दोन्हीकडे राबणाऱ्या बायकाच असल्या तर काय लिहायचं, हे अप्पांनी शिकवलं नव्हतं. म्हणून मी भाषण न करता गणित केलं. ते मला पहिल्यापासून करायला हवं होतं.

आतापर्यंत मी लाटीला हरवलेला पापड समजत होते, म्हणजे साडेचार रुपये गेले. पण ती लाटी भरून काढायला साडेचार रुपये लागत नाहीत. तेवढं पीठ जास्त भिजवलं की झालं. सत्तर लाट्यांना पाऊण किलोच्या आत पीठ लागतं. सामानासकट सव्वाशे रुपये. ते पाचशे पापडांवर वाटले तर पापडामागे पंचवीस पैसे. लाटी ही चोरी नव्हती, वेस्टेजही नव्हतं. कंपनीत चहापाणी असतं तसा तो खर्च होता. मी तो मांडलाच नव्हता. यादीत हिंगाच्या खाली एक नवी ओळ आली: लाटी, पंचवीस पैसे.

ही ओळ घेऊन मी होस्टेलच्या मेसचे व्यवस्थापक उबाळे यांच्याकडे गेले. मी म्हणाले, भाव पावणेपाच करा. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, हा लाटी काय आयटम आहे? मी श्रमाची प्रतिष्ठा, सामूहिक उत्पादन आणि स्त्रियांचा आनंदाचा हक्क या विषयांवर बोलले. बरंच बोलले. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"मॅडम," माझं संपल्यावर ते म्हणाले, "मी तिकडचाच, मोताळ्याचा हाय. तुम्ही मले लाटी समजावून राह्यल्या?"

या ऑर्डरचा भाव ठरलाय, तो बदलणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढच्यापासून पावणेपाच. पण पार्सलसोबत एक डबा लाट्यांचा आला पाहिजे, त्यांच्यासाठी. मी विजयी चेहऱ्याने बाहेर पडले. तो डबा हिशेबात धरलेला नाही, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

पीठ वाढवून तीन हजार पापड पुरे केले. माल वेळेवर पोचला. सहा सकाळींची मजुरी प्रत्येकीला बाराशे सांगितली होती, हाती पडले हजार सत्तर. वैशालीसोबत मी तिच्या घरी गेले. आकडा मी चुकवला होता, म्हणून तिच्या सासूला मीच सांगायचं ठरवलं. चतुर्थी, ट्रायल, पंचवीस पैसे, सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यापासून पुरे दोनशे पडतील हेही सांगितलं. विळा खरोखरच कोपऱ्यात होता.

सासूने विळ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"रोज दोन लाट्या मीच खाऊन येत होती," ती म्हणाली. "आता कोन्या तोंडानं बोलू?"

वैशाली अजून पापड लाटते.

त्रैराशिकात एक अट असते. ती कोणी मोठ्याने म्हणत नाही: बाकी सगळं सारखं असेल तर. बाकी सगळं सारखं कधीच नसतं, म्हणून कोणता दिवस, कोणती माणसं, त्यांनी काय खाल्लंय, हे आधी विचारायचं असतं. पंचांग मी आजही पाहत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. फक्त ट्रायलची तारीख ठरवण्याआधी वैशालीला एक फोन करते.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी प्रदर्शनात किंवा आठवडी बाजारात गटाच्या बायकांसमोर उभे राहाल, पाकीट उलटंपालटं कराल आणि 'एवढा महाग पापड?' हे वाक्य ओठांवर येईल, तेव्हा ते तिथेच थांबवा. घरी जा. एक किलो पीठ भिजवा, शेजाऱ्यांना बोलवा, लाटा आणि मोजा. मग परत येऊन भाव करा. कराच.

फक्त त्या दिवशी चतुर्थी नाही ना, तेवढं बघा.